लवचीक फासळ्या, लपलेली इजा

हाड मोडले नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, हा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे. लहान मुलाच्या छातीला मात्र तो लागू पडत नाही. बालकाच्या फासळ्या ओल्या फांदीसारख्या असतात. आघाताने त्या वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. धक्का मात्र आतील फुप्फुसापर्यंत पोहोचतो. त्यामुळे एकही फासळी न मोडता फुप्फुस ठेचलेले असू शकते. उलट बालकाची फासळी मोडलीच असेल, तर आघात मोठा होता असे समजावे. तीन वर्षांखालील मुलाबाबत तर मारहाणीची शंकाही डॉक्टरांनी मनात ठेवावी.

संतपूर व औराद परिसरात मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरे शेजारी नांदतात आणि अपघातही सर्वांचे सारखेच असतात : दुचाकीवरून पडणे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा धक्का, चिंचेच्या झाडावरून कोसळणे, बैलाचे शिंग. ट्रॉलीचा मार लागलेला नऊ वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. “डॉक्टरसाहेब, चालत आलाय की पोरगा!” असे म्हणत वडील घरी नेण्याची घाई करीत होते. एक्स-रे स्वच्छ होता. पण श्वास मिनिटाला चाळीस आणि ऑक्सिजनचे प्रमाण 91 होते. त्याला ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसावर दाट सावली उमटली. ऑक्सिजन, पुरेसे वेदनाशामक आणि बेताचे सलाईन एवढ्यावर तो सहा दिवसांत बरा झाला. फुप्फुसाची ही सूज दोन दिवसांपर्यंत वाढू शकते, म्हणून पहिला एक्स-रे अखेरचा मानू नये.

आज जगभर शिकविली जाणारी एटीएलएस ही पद्धत अशाच ग्रामीण अनुभवातून जन्मली. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का येथे डॉ. जेम्स स्टायनर या अस्थिशल्यविशारदांचे विमान कोसळले. पत्नी दगावली, मुले जखमी झाली. लहान गावातील रुग्णालयात उपचारांचा ठरलेला क्रम नसल्याचे त्यांनी पाहिले आणि 1978 मध्ये या पद्धतीचा पहिला वर्ग झाला. प्रथम श्वासमार्ग, मग श्वसन, मग रक्ताभिसरण, असा तिचा मूळ क्रम होता.

छातीत हवा कोंडून हृदय व दुसरे फुप्फुस दाबले जाते, तेव्हा निदान डोळ्यांनी आणि स्टेथोस्कोपनेच करावे. एक्स-रेची वाट पाहू नये. सुई घालून हवा काढावी, मग नळी बसवावी. 2018 च्या सूचनांत प्रौढांसाठी सुईची जागा चौथ्या-पाचव्या फासळीच्या फटीत, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे आली. मुलांसाठी मात्र तेव्हा हंसळीच्या मध्याखालील दुसरी फटच कायम राहिली. छातीत रक्त साचल्यासही नळी लागते. ते सोनोग्राफीत लवकर दिसते. वीस किलोच्या मुलाच्या शरीरात रक्त जेमतेम दीड लिटर असते आणि त्यातील सुमारे तीस टक्के जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहतो. म्हणून वाढलेली नाडी, थंड हातपाय आणि पेंगुळलेपणा यांकडे लक्ष द्यावे. समाधानाची गोष्ट ही की, बहुतेक मुलांना छाती उघडण्याची शस्त्रक्रिया लागत नाही.

घरच्यांनी काय करावे? छातीवर मालिश करू नये, घट्ट पट्टा आवळू नये. त्याने श्वास उथळ होतो. रुतलेली वस्तू उपसू नये. खाऊ-पिऊ घालू नये. 108 ला फोन करावा. जखमीला मदत करणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीतीही आता बाळगू नये. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये आलेल्या कलम 134अ ने त्यास संरक्षण दिले आहे.

आणि दुचाकीवर चार वर्षांखालील मूल असेल, तर त्यास हेल्मेट व चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. 2022 मध्ये अधिसूचित झालेला हा नियम आपण पाळला, तर वरील पुष्कळशा उपचारांची गरजच पडणार नाही.