पापुद्र्यातला कार्बन

१३ सप्टेंबर १९८१. इटलीतल्या मोंझाच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वनची शर्यत ऐन रंगात आली होती. वळणावरून बाहेर पडताना जॉन वॉटसनची मॅक्लारेन घसरली आणि कठड्यावर अशी आदळली, की इंजिन गाडीपासून तुटून फेकलं गेलं. पाहणाऱ्यांनी श्वास रोखला. वॉटसन मात्र उतरून चालू लागला. जॉन बर्नार्ड यांनी आखलेल्या त्या गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा होता, आणि या नव्या पदार्थाचा टक्कर झाल्यावर भुगा होईल ही अनेकांची शंका त्या दिवशी फिटली.

तीच काळी, चौकड्यांची वीण आता आपल्याकडच्या हॅचबॅकच्या बॉनेटवर, टपावर, आरशांच्या कव्हरवर दिसते. फरक एवढाच, की तिथे कार्बन औषधालाही नसतो. ती असते विनाइलची, म्हणजे पीव्हीसीची फिल्म. पण हा बनाव साधायलाही बरंच विज्ञान लागतं.

खऱ्या कार्बनचा एक तंतू साधारण ७ मायक्रॉन जाड, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असे हजारो तंतू एकत्र करून पट्टी होते आणि पट्ट्या उभ्या-आडव्या विणून कापड. तेल लावून चापून बसवलेल्या केसांवर प्रकाशाचा पट्टा कसा सरकतो, ते आठवा. एका दिशेने लावलेले तंतू तसेच चमकतात. उभी पट्टी उजळते तेव्हा शेजारची आडवी काळी राहते; आपण दोन पावलं सरकलो की उलट होतं. साध्या छापील फिल्मला हे जमत नाही, म्हणून ती लांबूनच ओळखू येते. उठावाच्या फिल्मवर बारीक समांतर रेषा दाबून उमटवलेल्या असतात, एका चौकटीत उभ्या, दुसरीत आडव्या. धागे नसतानाही त्यामुळे चमक धाग्यांसारखी फिरते. दुकानदार ‘थ्रीडी’, ‘फाइव्हडी’ म्हणतात ती मात्र फक्त बाजारातली नावं.

गंमत पुढे आहे. कार्बन तंतूची महती त्याच्या ताठपणात. दोन टक्क्यांच्या आसपास ताणला, की तो तुटतो. फिल्मला मात्र बंपरच्या गोलाईवर, आरशाच्या कडेवर बसायचं असतं. म्हणजे ताठ पदार्थाचं सोंग घ्यायला पदार्थ लवचीक हवा! मुळात पीव्हीसीसुद्धा कडकच; नळाचे पाइप त्याचेच असतात. १९२६ मध्ये अमेरिकेत वॉल्डो सेमन यांनी त्यात प्लॅस्टिसायझर मिसळून तो मऊ केला. ही द्रव्यं रेणूंच्या लांब साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांची पकड सैल करतात आणि साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात.

फिल्म दोन प्रकारे बनते, आणि तिचा टिकाऊपणा इथेच ठरतो. ‘कॅलेंडर्ड’ फिल्म तापलेल्या रुळांमधून लाटली जाते. मैद्याची पुरी लाटून हात काढला की ती आक्रसते, तशी ही फिल्मही ऊन लागलं की मूळ आकाराकडे ओढ घेते आणि कडा सोडते. ‘कास्ट’ फिल्मचं घावनासारखं असतं. पातळ मिश्रण ओतायचं, पसरायचं, भट्टीत पक्कं करायचं. ती जेमतेम ५० मायक्रॉन जाड असते, तिच्यात आतला ताण जवळपास नसतो आणि ती वळणावर नीट बसते. अर्थात महागही पडते.

चिकटवण्याचं कौशल्य कारागिराच्या हातात असतं. मागचा गोंद दाबानं पकडतो, म्हणून आधी अलगद ठेवून जागा बदलता येते. गोंदात केसासारखे चर असतात. स्क्वीजी, म्हणजे दाबायची पट्टी, फिरवली की हवा त्यांतून निसटते आणि बुडबुडे राहत नाहीत. शेवटी हीट गननं ताणलेल्या जागा ९० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात. तेवढ्या उष्णतेत साखळ्या नव्या आकारात स्थिरावतात. ही पायरी गाळली, तर पहिल्याच उन्हाळ्यात कोपरे उचलले जातात.

बॉनेट आणि टपावरच्या फिल्मचं आयुष्य दरवाजांवरच्या फिल्मपेक्षा कमी, कारण ऊन थेट त्यांच्यावर पडतं आणि काळा रंग ते शोषतो. वर्षं उलटतात तसा प्लॅस्टिसायझर कमी होतो, फिल्म ठिसूळ होते आणि काढताना तुकडे पडतात. म्हणून ती वेळेत, गरम करून, हळूहळू सोलावी. पुन्हा रंगवलेल्या पत्र्यावर जास्त जपावं लागतं, कारण फिल्मबरोबर रंगही निघून येऊ शकतो.

लावण्याआधी आणखी एक. आरसीवर गाडीच्या रंगाची नोंद असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. आरसे किंवा बॉनेटपुरतं न थांबता अख्खी गाडी काळी करायची असेल, तर फिल्मचा रोल उघडण्याआधी आरटीओत चौकशी करून घ्या.