विनय, कायदा आणि संगणक

कायदा म्हणजे 'अमुक असेल तर तमुक' अशा नियमांची साखळी होय. मग संगणकाच्या आज्ञावलीप्रमाणे तो लिहावा आणि लोकांवर लागू करण्यापूर्वीच तपासून पाहावा, हे शक्य आहे काय?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील मारेक सर्गोट, रॉबर्ट कोवाल्स्की आदी संशोधकांनी १९८६ साली ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा तर्कनियमांच्या रूपाने 'प्रोलॉग' या संगणकभाषेत मांडून दाखविला. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाची माता किंवा पिता जन्मसमयी तेथील नागरिक अथवा कायमचा रहिवासी असेल, तर ते मूल नागरिक ठरते. हा नियम यंत्रास सहज सांगता येतो. टाकून दिलेल्या अर्भकाचे कलम मात्र अवघड आहे. विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्याचा जन्म अशाच माता-पित्यापोटी झाला, असे कायदा गृहीत धरतो. पुरावा पुढे आला, तर कालचा निष्कर्ष आज मागे घ्यावा लागतो.

विनयपिटकाच्या अभ्यासकांना ही अडचण परिचित आहे. तेथे आधी प्रसंग घडतो, मग शिक्षापद येते आणि नवा प्रसंग उद्भवताच 'अनुपञ्ञत्ति' जोडली जाते. गणभोजनाचा निषेध झाला. पुढे आजारपण, चीवरदान, चीवर शिवणे, प्रवास, नौकारोहण, मोठा समुदाय आणि श्रमणांचे भोजन असे सात अपवाद एकेक करून आले. नियमाची खरी परीक्षा जीवनाने घेतली. शिवाय दोष ठरविण्यापूर्वी तथागत भिक्षूस विचारीत, की त्या वेळी तुझे चित्त कसे होते?

आमच्या समाजाच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार जातीवरून केलेला अपमान 'लोकांच्या दृष्टिपथात' घडलेला असावा लागतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, घराचे फाटक खाजगी जागेत असले, तरी तेथे झालेला अपमान लोकांच्या दृष्टिपथात असू शकतो. कोणी पाहिले, कोणी ऐकले, साक्ष देण्यास कोण धजावले, हे माणसांनाच तपासावे लागते. यंत्राकडे केवळ 'होय' वा 'नाही' पोहोचते. ते कोणी भरले, यावर न्याय अवलंबून राहतो.

म्हणून कलमांतील विसंगती व राहून गेलेल्या फटी शोधण्यासाठी संगणकाचे साहाय्य अवश्य घ्यावे, असे आमचे मत आहे. परंतु निवाडा त्याच्या हाती सोपवू नये. संविधान कितीही चांगले असले, तरी ते राबविणारे वाईट असतील तर ते वाईटच ठरेल, असा इशारा बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आज्ञावली राबविणाऱ्यांनाही तो तितकाच लागू आहे.