शून्य क्रमांकाची फिर्याद

‘हद्द आमची नाही’ म्हटले की फिर्याद राहून जाते. तारापूर एमआयडीसीतला कामगार वापीहून रेल्वेने परततो. उमरगाम ते डहाणूदरम्यान कुणीतरी त्याचा मोबाइल हिसकावतो. गुजरात की महाराष्ट्र, रेल्वे पोलीस की बोईसर पोलीस, हे त्याने का शोधावे?

दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्द दुसरीकडची असेल तर ती शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवली जाते. पत्र कोणत्याही पेटीत टाकले तरी ते पत्त्यावर पोहोचवण्याचे काम पोस्टाचे असते, तसेच हे.

‘शून्य’ म्हणजे किंमत शून्य, असा समज आढळतो, आणि नावच तसे असल्याने तो स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो तात्पुरता क्रमांक. हद्दीतले ठाणे आपला नियमित क्रमांक देऊन तपास करते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याचा हक्क स्पष्ट आहे. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावीच. बोईसर पोलिसांनी नोंद नाकारली, तर पालघरच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते.