नळगंगेचा उन्हाळा

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की हवाच बदलते. वर पठारावर मे महिन्यातही संध्याकाळी जरा वारा सुटतो. खाली मोताळ्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दुकानांची शटर अर्धी खाली, कूलरच्या टाकीत ओतायलाही पाणी मोजूनमापून. अशा या तालुक्यात अंगावर घ्यावं इतकं पाणी एकाच ठिकाणी असतं, ते म्हणजे नळगंगा धरण.

नळगंगा ही तशी लहानशी नदी. अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम, मोताळ्याच्या अंगाने मलकापूरकडे, पुढे पूर्णेत आणि पूर्णेबरोबर तापीत. पावसाळ्यात चार दिवस तोंड टाकते आणि दिवाळीनंतर वाळू दाखवते. तिच्यावर मोताळ्याजवळ हे मातीचं धरण झालं १९६७ साली. भिंत सुमारे अडीच किलोमीटर लांब, उंची तीसेक मीटर, आणि साठा साधारण ७० दलघमी, म्हणजे अडीच टीएमसी. उजनी-कोयनेच्या आकड्यांपुढे हे काहीच नाही. पण बुलढाणा जिल्ह्यात मोठे प्रकल्प म्हणून गणले जातात ते तीनच: खडकपूर्णा, पेनटाकळी आणि नळगंगा. त्यामुळे इथल्या पेपरात पावसाळाभर 'नळगंगा इतके टक्के' ही बातमी बाजारभावाच्या शेजारी छापून येते आणि माणसं कपाशीच्या भावाआधी ती वाचतात.

धरण बांधलं सिंचनासाठी. कालव्याच्या पाळ्या, रब्बीचा गहू-हरभरा, उरलेलं पिण्याला. कागदावर त्याचं काम मार्चच्या आसपास संपतं. माझ्या मते गावाला ते खरं मिळतं तिथून पुढे. भरलेलं धरण बघायला लोक येतात, फोटो काढतात, जातात. उतरत्या पाण्याचं धरण मात्र लोक वापरतात.

पाणी मागे सरकलं की आधी उघडी पडते गाळपेर जमीन. सिंचन खात्याकडून ही जमीन हंगामापुरती कसायला मिळते. ओल असते तोवर काकडी, टरबूज, डांगर, भाजीपाला. जमीन आपली नाही, पण गाळ फुकट, ओल फुकट. पुढच्या पावसात सगळं पुन्हा पाण्याखाली जाणार हे माहीत असूनही कुणी तिथे हात आखडता घेत नाही. एप्रिलच्या शेवटी ही हिरवी पट्टी आणि पाण्याची कड यांच्यामध्ये भेगाळलेल्या चिखलाचा एक रुंद पट्टा तयार होतो. शाळेच्या परीक्षा संपल्या की याच पट्ट्यावरून पोट्ट्यांची वाट पडते.

वऱ्हाडात पोहणं शिकवणारी शाळा म्हणजे विहीर किंवा धरण. मास्तर म्हणजे काका, मोठा भाऊ, नाहीतर शेजारचा एखादा पट्टीचा पोहणारा. शिकायची पद्धत ठरलेली. पूर्वी पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका बांधत. आता पाच लिटरच्या तेलाचे दोन रिकामे कॅन, बुच घट्ट लावून, सुतळीने एकमेकांना जोडून. कमरेला दोर, दोराचं टोक काठावर बसलेल्या माणसाच्या हातात. पहिले दोन दिवस पोरगं नुसतं पाय आपटतं आणि पाणी पितं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मास्तर न सांगता एक कॅन सोडून घेतो. पोरगं एका बाजूला कलंडतं, ओरडतं, शिव्या देतं, आणि त्या गडबडीत त्याचा हात पहिल्यांदा बरोबर पडतो. दुसरा कॅन सुटतो तेव्हा त्याच्या लक्षातही येत नाही. मग काठावरून कुणीतरी दोराचं मोकळं टोक वर करून दाखवतं आणि सगळे हसतात. एवढाच काय तो पदवीदान समारंभ.

पुढचे खेळ ज्याचे त्याने शोधायचे. सूर मारणं हा मानाचा प्रकार: हात पुढे, अंग सरळ, पाण्याचा कमीत कमी आवाज. मुटका त्याच्या उलट. गुडघे छातीशी घेऊन असं पडायचं की काठावरच्यांचे कपडे भिजले पाहिजेत. ट्रॅक्टरच्या ट्यूबवर चौघांनी बसायचं आणि पाचव्याने ती उलटवायची. पाण्यातली शिवाशिवी, बुडी मारून जास्तीत जास्त लांब निघणं, तळाची माती मुठीत आणून दाखवणं. यातल्या कशालाही पंच नाही, घड्याळ नाही. निकाल मात्र वर्षानुवर्षे लक्षात राहतात. चाळिशीतला माणूसही सांगतो की अमक्याने त्या साली इकडून तिकडे पार केलं होतं, आणि समोरचा लगेच म्हणतो, त्या साली पाणीच किती होतं!

हा सगळा खेळ पोरांचा, पोरींचा नाही. काठावर बाया येतात त्या गोधड्या धुवायला. उन्हाळ्यात वाकळा-सतरंज्या धुण्याचं काम धरणावरच उरकतं. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभं राहून दिवस काढणाऱ्या या बायांपैकी बहुतेकींना पोहता येत नाही. भाऊ शिकला तेव्हा बहिणीला कुणी दोर बांधला नाही, कारण एवढंच. धरणावर कुणी बुडाल्याची बातमी वाचताना मला नेहमी हे आठवतं.

बुडण्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या धरणाच्या. 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी अशा ठिकाणी असते. ती वाचून परत फिरलेला माणूस अजून भेटायचा आहे. पाटीवर धोका कसला ते मात्र लिहिलेलं नसतं, आणि तेच लिहायला हवं. धरणाचा तळ विहिरीसारखा सरळ नसतो. पाण्याखाली जुनी शेतं असतात, त्यांचे बांध, बाभळी, कधी बुजवायच्या राहिलेल्या विहिरी. वरचं हातभर पाणी उन्हाने कोमट, त्याखालचं एकदम गार. सूर मारणाऱ्याचा श्वास त्या गारव्यात चुकतो. गाळात पाय रुतला की जोर लावू तितका खोल जातो. मासेमारीचं नायलॉनचं फासजाळं तर पाण्यात दिसतच नाही.

यात अलीकडे एका खड्ड्याची भर पडली आहे. बुलढाणा जिल्हा तलावांतला गाळ काढण्याच्या कामासाठी राज्यभर ओळखला जातो. महामार्गाच्या भरावाला लागणारी माती-मुरूम तलावांतून घ्यायचा आणि त्या बदल्यात तलाव खोल करून द्यायचे, या 'बुलढाणा पॅटर्न'चं दिल्लीपर्यंत कौतुक झालं. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात मशीन लावून गाळ काढण्याची मोठी मोहीम चालवली. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना आहेच. काम चांगलं, त्यात वाद नाही. गाळ शेतात गेला, साठा वाढला. पण पोकलेनने खोदलेल्या जागी काठ उतरता राहत नाही, भिंतीसारखा सरळ तुटतो. मागच्या वर्षी कमरेएवढं पाणी होतं त्याच जागी यंदा दोन पुरुष खोली, आणि पोरं मागच्या वर्षीच्या आठवणीवर उडी मारतात. जिथे खोदलं तिथे काठावर चार बांबू आणि लाल फडकं लावायला किती खर्च येतो?

जाणती माणसं एक नियम सांगतात तो लहानपणीच शिकवायला हवा: बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही. दोर, काठी, धोतर, ओढणी, रिकामा कॅन, जे असेल ते द्यायचं. हात दिला की दोघं जातात.

पोहून झालं की भूक लागते, आणि ती साधीसुधी नसते. धरणाकाठची कढई याच भुकेवर चालते.

इथे मिळणारा मासा धरणाचा असला तरी नदीचा नसतो. कटला, रोहू, मृगल हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात, पण वीण करत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी नद्यांतून बीज गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी या माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन वीण घडवली आणि हे चित्र पालटलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. आज मत्स्यबीज केंद्रातून जिरे, अर्धबोटुकली, बोटुकली अशा टप्प्यांनी बीज येतं आणि पावसाळ्यात धरणात सोडलं जातं. धरणाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. वऱ्हाडात हे काम बहुतांशी भोई समाजाचं. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्यूबवर बसून पहाटे जाळं ओढायचं आणि ऊन चढायच्या आत मासा बर्फात टाकायचा. उन्हाळ्यात पाणी कमी, म्हणून मासा दाटीने. जाळ्याला लवकर लागतो. पोहणाऱ्यांचा आणि मच्छीमारांचा हंगाम एकच, भांडणंही त्याचीच.

कटला वरच्या थरात खातो, डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. रोहू मधल्या थरात, मृगल तळाशी. कढईवाल्याला यातला मध्यम रोहू आवडतो. मोठ्या कटल्याची तुकडी बाहेरून करपते आणि आतून कच्ची राहते. चिलापी तर अख्खी तळता येते. हा मासा परदेशी, कुणी बीज न सोडता स्वतःच बेसुमार वाढतो. बाकीच्या माशांच्या तोंडचं खातो म्हणून संस्थेवाले त्याच्यावर दात खातात, आणि गिऱ्हाईक त्याच्यावरच दात लावतं.

कृती अगदी साधी. खवले विळीवर उलट्या अंगाने काढायचे, कल्ले आणि पोट साफ, मग बोटभर जाडीचे तुकडे. जाडं मीठ चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, म्हणजे गाळाचा वास जातो. धरणाच्या माशाला तो असतोच, आणि तोच घालवता येणं ही कढईवाल्याची खरी परीक्षा. धुऊन मग हळद, लाल तिखट, ठेचलेला लसूण, लिंबू. वरून बेसनाचा हात, फार नाही. बेसन जास्त झालं की माशाचं भजं होतं. तेल तापलं की नाही हे बघायला बेसनाचा एक थेंब सोडायचा. तो लगेच वर आला पाहिजे. तुकडा सोडल्यावर लगेच हलवायचा नाही, कडा आवळू द्यायच्या, एकदाच उलटायचा. कागदावर कच्चा कांदा, लिंबाची फोड, आणि काट्याची काळजी खाणाऱ्याची.

तेलाबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतो. तळणाच्या तेलातले बिघडलेले घटक २५ टक्क्यांवर गेले की ते फेकावं, असा एफएसएसएआयचा नियम २०१८ पासून लागू आहे. धरणाकाठी ते मोजायचं यंत्र म्हणजे गिऱ्हाइकाचं नाक. सकाळी जायचं, तेल सोनेरी असतं.

सूर्य कलला की मात्र माशाची जागा कोंबडी घेते, आणि खाणं धरणावरून गावात सरकतं. बसस्टँडच्या आसपास गाड्या लागतात: चिकन पकोडा, सिक्स्टी फाइव्ह, लॉलीपॉप, चिल्ली. वऱ्हाडाचं कोंबडीशी जुनं नातं रश्श्याचं. शेतातली पार्टी, तीन दगडांची चूल, काळा मसाला, वर बोटभर तर्री, चुरायला भाकरी. गावरान कोंबडी तळायच्या कामाची नाहीच. तिचं मांस चिवट, ते रश्श्यात तासभर शिजल्याशिवाय मऊ पडत नाही. तळलेलं चिकन गावोगाव पोचलं ते ब्रॉयलरमुळे. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत चाळीसेक दिवसांत दोन किलोची होणारी पांढरी कोंबडी खेड्यापाड्यांच्या शेडमध्ये आली. तिचं मांस आठ-दहा मिनिटांत तळून होतं. चव म्हणाल तर मसाल्याची. जुनी माणसं तिला नाक मुरडतात आणि नातवाच्या प्लेटमधला एक पीस हळूच उचलतात.

उन्हाळा या कोंबडीला मानवत नाही. बेचाळीस अंशांत ती खाणं सोडते, वजन धरत नाही, दुपारी पटापट मरते. शेडवाले छपरावर पाचट टाकतात, बाजूला ओली पोती लावतात. खाणारेही 'उष्ण पडते' म्हणून हात आखडतात, आणि आखाजीनंतर आमरस सुरू झाला की घराघरांत मांसाहार मागे पडतो. तरी गाड्यांवर गर्दी असतेच. दिवसभर पाण्यात काढलेल्या पोरांना उष्ण काय आणि थंड काय!

या जिल्ह्याचं एक गमतीचं आहे. जगाला ठाऊक असलेलं इथलं सरोवर म्हणजे लोणार. उल्केच्या आघाताने झालेलं, २०२० मध्ये रामसर यादीत गेलेलं. त्याच वर्षी जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा देशभर फोटो फिरले. पण पाणी मुळात इतकं खारं आणि अल्कधर्मी की त्यात मासा सहसा जगत नाही. दुसरं नाव घ्यावं तर शेगावच्या आनंदसागरचं. नेटकं, स्वच्छ, संस्थानाच्या शिस्तीचं, बघण्याचं पाणी. त्यात उडी मारणं कुणाच्या मनातही येणार नाही. डुंबायला आणि खायला उरतात ती नळगंगेसारखी धरणं, ज्यांच्या नावाने पर्यटनाचं एक पत्रकही निघत नाही. नाशिकला गंगापूर धरणावर बोट क्लब झाला. इथे निदान चार लाइफ जॅकेट आणि उन्हाळ्यापुरता एखादा पगारी पोहणारा मिळाला तरी पुष्कळ. तो भोई समाजातलाच घ्यावा, पाणी त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

सरकारच्या नकाशावर मात्र नळगंगेचं नाव आता मोठ्या अक्षरांत आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किलोमीटरचा कालवा काढून वैनगंगेचं पाणी थेट नळगंगेपर्यंत आणायचं, या नदीजोड प्रकल्पाला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. खर्चाचा अंदाज ८७ हजार कोटींच्या वर. पाणी कधी येईल, किती येईल, वाटेत किती मुरेल, यावर पारावर रोज चर्चा चालते, आणि रखडलेल्या जिगाव धरणाची वाट बघून बघून थकलेल्या जिल्ह्यात ती बरीचशी खवचट असते. एका गोष्टीकडे अजून कुणाचं लक्ष नाही. वैनगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली, नळगंगा तापीच्या. दोन खोरी जोडली की पाण्याबरोबर मासेही येतात, आणि आलेले परत जात नाहीत. धरणातला आताचा मासा त्यांच्यापुढे टिकेल का, हे अभ्यासकांनी आतापासून बघायला हवं. कढईवाल्यांची हरकत नसावी. भंडाऱ्याकडचे झिंगे तळायला रोहूपेक्षा सोपे, आणि त्यांना काटे नसतात.