जुना संगणक, नवी हार्ड डिस्क

इंटेल, डेल, सीगेट अशा अमेरिकी कंपन्यांनी पुढाकार घेतलेली साटा, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातली जोडणी, २००३ साली आली. तेव्हा वेग होता सेकंदाला १.५ गिगाबिट, २००९च्या तिसऱ्या आवृत्तीत तो ६ झाला. तरी नवी डिस्क जुन्या मदरबोर्डवर बहुधा चालते. वीज मिळताच दोन्ही बाजू एकमेकींना खुणेचे संकेत पाठवतात आणि दोघींना झेपेल तो वेग ठरवतात. व्हिया कंपनीच्या काही जुन्या चिप मात्र इथेच अडखळत. मग डिस्कवर जंपर, म्हणजे पिना जोडणारी छोटी टोपी, बसवून वेग १.५ वर बांधावा लागे. फिरत्या तबकडीची डिस्क दुसऱ्या आवृत्तीच्या ३ गिगाबिटवर फारशी मंदावत नाही, कारण तबकडीच तेवढी वेगवान नसते. तबकडी नसलेल्या एसएसडीचा वेग मात्र जवळपास निम्म्यावर येतो. तरीही जुन्या संगणकात ती जरूर बसवावी: विखुरलेल्या छोट्या फाइली ती कितीतरी लवकर शोधते.