निकेलाधारित मिश्रधातूंच्या मोठ्या दंडगोलाकृती भागांचे घडवणकाम : सिरोंचा-चंद्रपूर परिसराच्या संदर्भात

महत्त्वाच्या संज्ञा : निकेल, मिश्रधातू, घडवण, कणरचना, विसर्पण, औष्णिक वीज

प्रस्तावना

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमाजवळ वसले आहे. चंद्रपूरच्या वीज केंद्राला पाणी पुरविणारी इरई नदी वर्धेला मिळते, वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्यावरून पुढे जाते. नदीपलीकडे तेलंगणा सुरू होतो. तेथे घराघरांत बोलली जाणारी तेलुगू सिरोंच्याच्या बाजारातही तितकीच ऐकू येते. त्याच तेलंगणाच्या राजधानीत, हैदराबादमधील कंचनबाग येथे, १९७३ साली स्थापन झालेला मिश्र धातू निगम हा केंद्र सरकारचा उपक्रम आहे. देशात निकेलाधारित मिश्रधातू वितळविण्याचे व घडविण्याचे काम प्रामुख्याने याच संस्थेत रुजले. ‘सुपरनी’ या नावाने तिचे असे मिश्रधातू ओळखले जातात. नदीच्या वरच्या अंगाला कोळसा व वीज, तर खालच्या अंगाला ही धातुविद्या, अशा दोहोंच्या मध्ये सिरोंचा आहे. त्यांना जोडणाऱ्या एका तंत्राचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निकेलच का?

लाल होईपर्यंत तापलेला पोलादी भाग भाराखाली ठेवल्यास तो तुटत नाही, पण महिनोन्महिने किंचित किंचित ताणला जातो. या क्रियेस विसर्पण म्हणतात. वाफेच्या वा वायूच्या टर्बाइनमध्ये फिरणारा भाग आणि त्याभोवतीचे कवच यांच्यात केसभराचे अंतर असते, त्यामुळे एवढासा ताणही चालत नाही. निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे लोखंडापेक्षाही थोडे अगोदर. तेव्हा त्याचे सामर्थ्य वितळबिंदूत नाही. निकेलच्या स्फटिकरचनेत क्रोमियम, मॉलिब्डेनम, कोबाल्ट, नायोबियम, टायटॅनियम, ॲल्युमिनियम ही मूलद्रव्ये मोठ्या प्रमाणात सामावतात, तापताना ती रचना बदलत नाही, आणि काही मूलद्रव्ये अतिसूक्ष्म कठीण कणांच्या रूपाने आतल्या आत साचून धातूचे सरकणे रोखतात. ७१८ क्रमांकाच्या प्रसिद्ध मिश्रधातूत निकेल निम्म्याहून थोडे अधिक, क्रोमियम १७ ते २१ टक्के आणि नायोबियम सुमारे ५ टक्के असते.

येथे एक गल्लत टाळावयास हवी. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे पीएसएलव्ही प्रक्षेपकाची मोटर-कवचे तयार होतात. २.८ मीटर व्यासाच्या पहिल्या टप्प्याचे हे कवच मॅरेजिंग पोलादाचे असते. त्यात सुमारे १८ टक्के निकेल असले तरी ते लोहाधारित आहे. त्याचे काम वजन वाचविण्याचे असून वर्षानुवर्षे तापत राहण्याचे नाही.

लोहाराची भट्टी येथे का चालत नाही

गावचा लोहार लोखंडाचा ताव रंगावरून ओळखतो. पिवळसर झाल्यावर घण घालतो, काळवंडू लागले की पुन्हा भट्टीत सारतो. साध्या पोलादास ही मुभा विस्तृत आहे; साधारण १२५० पासून ८०० अंशांपर्यंत ते वळते. ७१८ मिश्रधातूस मात्र सुमारे ११२० ते ९०० अंश एवढीच पट्टी मिळते. वर गेल्यास कण भराभर वाढतात, खाली गेल्यास पृष्ठभाग चिरतो. शिवाय हा धातू उष्णता फार मंद वाहून नेतो, साध्या पोलादाच्या जेमतेम एकचतुर्थांश. त्यामुळे जाड ठोकळा बाहेरून पुरेसा तापला तरी आतून मागे असतो, आणि भट्टीबाहेर काढल्यावर साचाला टेकलेली त्याची त्वचा अगोदर थंडावते. म्हणून ठोकळ्यास काचेचा लेप देतात, कधी उष्णतारोधक कापडात गुंडाळतात, आणि साचेही तापवून घेतात.

याहून घातक शत्रू गंधक आहे. गंधक व निकेल यांचे एक संयुग निकेलसह सुमारे ६४० अंशांलाच वितळते. तापलेल्या निकेलास गंधकाचा स्पर्श झाला की हा द्रव कणांच्या सीमांमधून आत शिरतो, आणि पहिल्याच दाबाखाली धातू वाळलेल्या भाकरीसारखा फुटतो. दगडी कोळशात गंधक असतोच. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या उघड्या भट्टीत निकेलचा ठोकळा तापविणे म्हणजे तो वाया घालविणे होय. खुणेचा रंग, वंगण, हाताचे तेलकट डाग हे सारे तापविण्यापूर्वी पुसून काढावे लागतात, कारण त्यांतूनही गंधक वा शिसे येऊ शकते. बाहेरच्या पाहुण्यास हा सोवळेपणा वाटेल. पण त्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे.

ओतण्यापासून दाबण्यापर्यंत

मोठ्या भागाची खरी अडचण प्रेसच्या अगोदर, ओतकामातच सुरू होते. धातू प्रथम निर्वातात वितळवितात, नंतर विजेच्या साह्याने थराथराने पुन्हा वितळवून गोठवितात. ठोकळा जितका जाड तितका त्याचा गाभा सावकाश गोठतो, आणि नायोबियमसारखी मूलद्रव्ये उशिरा गोठणाऱ्या द्रवात गोळा होऊन डागांच्या माळा तयार होतात. हे डाग पुढे कितीही तापवून व ठोकून जात नाहीत. ठोकळ्याच्या व्यासावर मर्यादा पडते ती येथे. सौम्य असमानता मात्र दीर्घकाळ उच्च तापमानात ठेवून विरवता येते.

त्यानंतर हजारो टनांच्या प्रेसखाली ठोकळा उभा दाबून आखूड करतात, पुन्हा आडवा फिरवीत लांबवितात. ओतीव अवस्थेतील खडबडीत कण मोडून त्यांच्या जागी नवे, बारीक कण यावेत हा हेतू असतो. येथे घणापेक्षा संथ दाबच बरा. झटपट आघाताने आत निर्माण होणारी उष्णता गाभ्याला मर्यादेपलीकडे नेते. अखेरच्या तापात अगदी हलका दाब देणेही धोक्याचे आहे. तेवढ्याशा विकृतीने मोजकेच कण जागे होतात आणि शेजाऱ्यांना गिळून अवाढव्य वाढतात. द्यायचा तर भरपूर दाब द्यावा, नाहीतर थांबावे.

पोकळ दंडगोलासाठी ठोकळ्यास मधोमध भोक पाडून त्यात मँड्रेल नावाचा दांडा घालतात व त्यावर भिंत पातळ करीत नेतात. किंवा दोन रुळांमध्ये कडे फिरवीत त्याचा व्यास वाढवितात. बैलगाडीच्या चाकावरील धाव या दृष्टीने उद्बोधक आहे. लोखंडी पट्टी वाकवून तिची टोके सांधली जातात, आणि झिजलेली धाव पुष्कळदा त्या सांध्यावरच उघडते. रुळांवर वाढविलेल्या कड्यास सांधाच नसतो, शिवाय धातूचे तंतू परिघाच्या दिशेने वळतात.

तयार भागाची तपासणी ध्वनिलहरींनी होते. कण मोठे राहिले तर ते लहरी विखुरतात आणि आतील बारीक भेग त्या गोंगाटात दडून जाते. कणरचनेचा प्रश्न अशा रीतीने बळाबरोबर विश्वासाचाही होतो.

चंद्रपूरच्या कोळशाशी संबंध

चंद्रपूर महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २९२० मेगावॅट आहे. तेथील ५०० मेगावॅटच्या संचांत वाफ सुमारे ५४० अंशांची असते. ती ७०० अंशांपलीकडे नेल्यास त्याच कोळशातून अधिक वीज मिळते. भारताच्या प्रगत अति-अतिक्रांतिक प्रकल्पात ७१० ते ७२० अंश व सुमारे ४६ टक्के कार्यक्षमता हे लक्ष्य आहे. जुन्या पद्धतीच्या संचांत ती ३८ टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्याच विजेसाठी कोळसा सुमारे एकषष्ठांशाने कमी लागेल, असे या आकड्यांवरून निघते. ज्या जिल्ह्यात खाणींच्या शेजारी ताडोब्याचे वाघ आहेत, तेथे हा अपूर्णांक लहान म्हणता येणार नाही.

भेल, एनटीपीसी व कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र यांच्या या संशोधनास केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने २०१६ साली १५५४ कोटी रुपयांच्या खर्चासह मान्यता दिली. बॉयलरच्या नळ्यांसाठी ६१७ क्रमांकाच्या निकेल मिश्रधातूचा सुधारित प्रकार मिश्र धातू निगम व हैदराबादच्याच अणुइंधन संकुलाच्या साह्याने देशात तयार झाला. नळी आणि रोटर यांत मात्र मोठा फरक आहे. टर्बाइनचा संपूर्ण रोटर निकेलचा घडविण्यास पुरेसा मोठा निर्दोष ठोकळा मिळणे कठीण व महागही असल्याने, अतितप्त मधला भाग निकेल मिश्रधातूचा आणि टोके १० टक्के क्रोमियमच्या पोलादाची, असा जोड-रोटर विकसित करण्यात आला. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एनटीपीसी व भेल यांच्या संयुक्त उपक्रमातून ८०० मेगावॅटचे पहिले व्यापारी केंद्र उभारण्याची घोषणा झाली. तेथे वर्षानुवर्षे तापणाऱ्या आणि फिरणाऱ्या या रोटरमध्ये सर्वांत बारकाईने पाहावी लागणारी जागा असेल ती निकेल आणि पोलाद यांच्या सांध्याची.