गाठ साधी की कर्करोगाची?

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. मुतखड्यासाठी पोटाचा सी. टी. स्कॅन काढावा आणि या ग्रंथीत अवचित गाठ दिसावी, असे पुष्कळदा घडते. ही गाठ कर्करोगाची तर नसेल? बहुधा नसते, पण ‘बहुधा’ या शब्दाने रोग्याचे समाधान कसे व्हावे? आणि प्रत्येकाचे पोट उघडून पाहणेही योग्य नव्हे.

येथे भौतिकशास्त्र मदतीला येते. सी. टी. यंत्रात क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते व संगणक शरीराच्या आडव्या कापाचे चित्र तयार करतो. १९७१ साली लंडनमध्ये या यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र घेतले. ते बनवणारे अभियंते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांना १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हौन्सफील्ड यांच्या मोजपट्टीवर पाण्याचा आकडा ०, तर हवेचा उणे १००० असतो. एक अंश म्हणजे पाण्याच्या शोषणक्षमतेचा हजारावा भाग. चरबी पाण्यापेक्षा कमी क्ष-किरण अडवते. तिचा आकडा उणे १०० च्या आसपास येतो.

अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या थरातील पेशी कोलेस्टेरॉलपासून संप्रेरके बनवतात. या कच्च्या मालाचा साठा पेशींत असतो. साध्या गाठीतील पेशी बहुधा तो राखून असतात. कर्करोगाच्या गाठीत तो सहसा नसतो. म्हणून गाठ एकजिनसी असून तिचा आकडा १० किंवा त्याहून कमी असला, तर डॉक्टर तिला साधी मानतात.

मात्र उलटे विधान खरे नाही! सुमारे एकतृतीयांश साध्या गाठींत चरबी थोडी असल्याने त्यांचा आकडा १० च्या वर जातो. अशा वेळी एम. आर. आय. उपयोगी पडतो. १.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात पाण्यातील आणि चरबीतील हायड्रोजनच्या केंद्रकांच्या वारंवारतेत सेकंदाला सुमारे २२० आवर्तनांचा फरक असतो. त्यामुळे २.३ मिलिसेकंदांनी त्यांचे संकेत परस्परविरुद्ध होऊन एकमेकांना खोडतात आणि चरबी असलेली गाठ चित्रात काळवंडते. तरीही शंका उरली, तर गाठीचा आकार पाहतात. संप्रेरकांची तपासणी तर आकडा कितीही असला तरी करावी लागते.

आता तुम्हीच हिशेब करा. १० आकड्याची गाठ पाण्यापेक्षा किती टक्के अधिक शोषक असते? आणि ३० आकड्याची? उत्तरे अनुक्रमे १ आणि ३ टक्के. एवढ्याशा फरकावर एखाद्याची शस्त्रक्रिया टळते!